मुंबईहून फातोर्ड्याला जाऊन पाहिलेले सामने

गिरगावकर:
इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांचे सामने मी आजवर अंधेरीलाच पाहिले असून, पुढच्या हंगामात मडगावला जाऊन फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एक तरी सामना पाहावा असा विचार आहे. पाहुण्या संघाचे पाठीराखे म्हणून ज्यांनी तिथे सामना पाहिला आहे, त्यांनी कोणता सामना लक्षात राहिला आणि का, हे कृपया लिहावे.

उत्तर स्टँड:
२४ एप्रिल २०२४ चा, उपांत्य फेरीतील पहिला सामना. आम्ही काही मित्र आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने निघालो होतो. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा २-० ने पुढे होता, सामना नव्वदाव्या मिनिटापर्यंत आला होता आणि आमच्या कोपऱ्यातला ढोल केव्हाच थंडावला होता. भोवतालचे नारिंगी जर्सीतले लोक हात हलवून आम्हाला निरोपही देऊ लागले होते. तेवढ्यात आमच्या छांगटेने एक गोल फेडला, पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा गोल केला, तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानात फक्त आमचाच आरडाओरडा ऐकू येत होता. अंधेरीतला परतीचा सामना आम्ही २-० ने जिंकला, पण त्याची आठवण इतकी ठळक नाही. एक व्यावहारिक सूचना: सामना साडेसातला सुरू होणार असेल, तर तो संपण्याआधीच मुंबईकडे येणारी कोकणकन्या मडगावहून सुटलेली असते, त्यामुळे मुक्कामाची सोय आधीच करावी.

जुना पाठीराखा:
माझ्या लक्षात राहिला तो १७ नोव्हेंबर २०१५ चा सामना, आणि तो आम्ही ०-७ ने हरलो. निकोलस अनेल्का तेव्हा आमचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. गोव्याच्या डुडू आणि हाओकिप या दोघांनीही हॅट्ट्रिक केली. पाचव्या गोलानंतर आमच्यापैकी काहीजण गोव्याच्या चालींना टाळ्या वाजवू लागले, हे मला आजही पटलेले नाही. एवढा प्रवास करून आलेल्याने अशा वेळी आपल्या संघासाठीच घसा कोरडा करायला हवा.

मडगावकर:
पहिल्या उत्तरातील त्या रात्री मी नारिंगी बाजूला होतो. आपल्याला निरोप देणारे बहुधा नव्या पिढीचे असावेत, कारण २०१५ चा अंतिम सामना ज्यांनी याच मैदानात पाहिला होता, ते अशी घाई करत नाहीत. त्या दिवशी ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने गोवा चेन्नईयिनविरुद्ध २-१ ने पुढे गेला, फटाक्यांची तयारी झाली आणि पुढच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन आम्ही २-३ ने हरलो. गिरगावकर, आपण अवश्य या. चिडवाचिडवी भरपूर होईल, पण सामन्यानंतर मासळीचे जेवण कुठे चांगले मिळते ते सांगणारेही तेच लोक असतील.