बारावीतल्या भाच्याला घराबाहेरची माणसं कुठे भेटतील? (ऐरोली, ठाणे परिसर)

ऐरोलीची_आत्या

नमस्कार. जरा लांबण लावते, कारण दोन ओळींत विचारलं की लोक सरळ जिमचा पत्ता देतात.

माझ्या भावाचा मुलगा माझ्याकडे ऐरोलीत राहतो. गाव पाटण तालुक्यात. दहावीला चांगले टक्के पडले म्हणून भावाने सायन्सला इकडे पाठवला. कॉलेज कागदावर, खरं कॉलेज म्हणजे सीईटीचा क्लास. सकाळी सातला जातो, दुपारी येतो आणि दार लोटून घेतो. क्लासवाले दर टेस्टनंतर बॅच बदलतात, त्यामुळे शेजारी बसणारा मुलगाही टिकत नाही. आधी जेवताना गावच्या गोष्टी सांगायचा. आता "काही नाही आत्या" एवढंच. रात्री उशिरापर्यंत जागा, सकाळी नाश्ता ताटात तसाच.

ठाण्यात एका समुपदेशक बाईंकडे नेते. त्यांचं म्हणणं, सध्या औषधाची गरज दिसत नाही, पण त्याच्या आठवड्यात क्लास आणि आत्या सोडून आणखी माणसं हवीत. ती कुठून आणायची हे आपलं आपण बघायचं.

बघायला गेले तर जिथेतिथे फीचं कार्ड पुढे येतं. एका पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाल्याने डेमो लेक्चरलाच पोराला विचारलं, "तुझा वीकनेस काय?" धन्य. सोसायटीतली मुलं रात्री टर्फवर खेळतात, पण तासाचे पैसे वाटून घेतात आणि ते माझ्याकडे मागायला हा लाजतो. मी देऊ केले तर म्हणतो, मला खेळताच येत नाही.

मला क्लास नकोय. स्पर्धा, सर्टिफिकेट, लेव्हल वन, लेव्हल टू काही नको. हा गेला नाही तर "आज का नाही आला रे?" असं कोणीतरी विचारेल, अशी जागा हवी. ट्रेनने एकटा जाऊ शकतो.

पामबीच_रनर

मोबाईल काढून घ्या आणि पहाटे पळायला पाठवा. पंधरा दिवसांत पोरगा सरळ.

ऐरोलीची_आत्या

पहाटे क्लास आहे हो. आणि त्या मोबाईलवर रोज रात्री त्याची आई असते. तो कसा काढून घेऊ?

खाडीकाठचा

ऐरोलीतच आहात तर खाडीवर पाठवून बघा. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तरी शेजारच्या सेक्टरातल्या लोकांना तिथलं जैवविविधता केंद्र माहीत नसतं. थंडीपासून साधारण मेपर्यंत पक्षी असतात. पक्षी मोजायला जाणारे छोटे गट असतात, कुणाच्या तरी ओळखीने त्यांच्यात शिरता येतं. अबोल मुलाला हे बरं पडतं. दुर्बीण डोळ्याला लावली की बोलावं लागत नाही, आणि वहीत आकडे लिहायचं काम नव्यालाच देतात. बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, आधी चौकशी करा. आत्ता पावसाळ्यात मात्र याचा उपयोग नाही.

परत_आलेला_ठाणेकर

मी काही वर्षं पूर्व लंडनमध्ये होतो. तुमच्या समुपदेशक बाई जे सांगतायत त्याला तिकडे 'सोशल प्रिस्क्रायबिंग' म्हणतात. तिथलं ब्रॉम्ली-बाय-बो वस्तीतलं असं केंद्र 1984 पासूनचं. पुढे 2019 च्या आराखड्यात एनएचएसने, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेने, ते सगळ्या इंग्लंडसाठी घेतलं. डॉक्टर नुसता पत्ता लिहून देत नाहीत, मध्ये 'लिंक वर्कर' नावाचा माणूस असतो. तो निवांत बसतो, आजाराचं बाजूला ठेवून तुला गोडी कशात आहे ते विचारतो, आणि लागलं तर पहिल्या दिवशी सोबत जातो. मग बागकाम असो, गाणं असो, फुटबॉल असो. लगेच डोक्यावर घेऊन नाचू नका, मुलांच्या बाबतीत पुरावा अजून तोकडाच आहे. पण सोबत जाणारा माणूस, ही गोष्ट उचलण्यासारखी.

इथे तो माणूस तुम्हीच आहात. म्हणून विचारतो, गावी असताना हा काय करायचा?

ऐरोलीची_आत्या

पखवाज वाजवायचा. आमच्या चुलत्यांच्या शेजारी बसून शिकला. सप्ताहात काकड्याला आपला आपण उठून जायचा, आईला हाक मारावी लागायची नाही. इकडे आल्यापासून बंद. फ्लॅटमध्ये वाजवणार कुठे, खालचे लगेच वर येतात. डब्याच्या झाकणावर बोटं चालतात तेवढीच. आणि भाऊ म्हणतो, बारावी होऊ दे, पखवाज कुठे पळून जातोय.

टाळकरी_कोपरखैरणे

आत्या, पाटण आणि पखवाज! मग टर्फ कशाला शोधताय? तीन स्टेशनं पुढे या.

मी कोपरखैरण्याचा. वडील बाजारात माथाडी होते, आता घरी असतात. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले तशी ही माणसं मागोमाग आली, सिडकोची छोटी घरं मिळाली आणि पाटण-जावळीकडची कितीतरी कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत उतरली. सोबत भजनी मंडळंही आली. आमचं भजन दर गुरुवारी आणि एकादशीला, वसाहतीतल्या देवळात, रात्री साडेआठला.

आमची अडचण ऐका. टाळ धरणारे भरपूर, पखवाजवाला एकच. तो कांदा-बटाटा मार्केटला, गाडी उशिरा लागली की अडकतो. मग आम्ही नुसत्या टाळांवर भागवतो, चाल पळते, पेटीवाला चिडतो. गणपतीत घरोघरची बोलावणी सुरू होतील तेव्हा तर विचारू नका. तेव्हा भाच्याला असंच सांगा की तिथे वाजवायला माणूस नाही. "तुझं मन रमेल" म्हणून आणू नका. असं एका पोराला आणलं होतं. तो दाराशी बसला, सगळे त्याच्याकडे काळजीने बघत राहिले, पुढे तो आला नाही. ज्याच्या हातात वाद्य असतं त्याच्याकडे कोणी बघत बसत नाही.

पहिल्या गुरुवारी एकटा धाडू नका. मी ऐरोली स्टेशनला येतो, तुम्हीही चला. पोरगा अठराच्या आतला, आम्ही तुमच्या ओळखीचे नाही. देऊळ बघा, माणसं बघा, आमच्या घरच्या बायका असतात त्यांच्याशी बोला, मग काय ते ठरवा. आल्या आल्या पखवाज देणार नाही, आधी टाळ देईन. आमच्या चाली त्याच्या गावच्यापेक्षा वेगळ्या असणार आणि भरल्या देवळात सम चुकली तर पोरगं मनाला लावून घेतं. शेवटच्या गजराला बसवू. तो साध्या धुमाळी तालात असतो, सगळेच रंगात असतात, थोडं मागेपुढे झालं तरी कळत नाही.

म्हातारी माणसं विचारणार: गाव कुठलं, कोणाचा तू, अमक्याचा नातू का? तुम्हाला वाटेल पोरगा बुजेल. मला उलट वाटतं. याचं उत्तर त्याच्याकडे आहे, टक्क्यांचं नाही. टक्के विचारायचे नाहीत असं मी सगळ्यांना बजावून ठेवतो. एक अण्णा आहेत, ते तरी विचारतीलच.

देवळात सगळं गोडीगुलाबीने चालतं असंही समजू नका. माईक कोणी धरायचा यावरून मागच्या गणपतीत दोघांनी अबोला धरला होता. शिवाय बहुतेक सगळे चाळिशीपुढचे. त्याच्या वयाचे दोघेच, त्यातला एक डिप्लोमाला आहे, पेटी शिकतो. भजन सुटलं की ते दोघं वडापावच्या गाडीवर रेंगाळतात. मला विचाराल तर औषध असलंच तर आधी त्या गाडीवर, मग देवळात.

भावाला सांगा, आठवड्यातले दोन तास आहेत. आणि एक करा, "टेस्टला कमी पडले तर गुरुवार बंद" असं घरात कोणी म्हणू नका. मग तो गुरुवारही टेस्टच होतो.

पामबीच_रनर

बारावीच्या वर्षात रात्री साडेदहापर्यंत भजन? सकाळी सातचा क्लास कोण करणार?

टाळकरी_कोपरखैरणे

बरोबर आहे. त्याला साडेनऊला मोकळा करू. गजर त्याच्या वेळेला आधी घेऊ, देवाची हरकत नसावी. एकादशीचं बंधन नाही.

ठाण्याची_समुपदेशक

याच कामात आहे म्हणून लिहिते. टाळकरी दादांचं पटलं. मात्र भजन सुरू झालं म्हणून समुपदेशन सोडू नका, पुढच्या भेटीत तुमच्या समुपदेशक बाईंना हे सांगा. आणि मध्येच झोप-जेवण आणखी तुटलं, स्वतःच्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला किंवा "मी नसतो तर बरं" अशी भाषा आली, तर गुरुवारची वाट बघू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तो परत आला की "मग, बरं वाटलं का?" नको. जेवण गरम करा, बोलायचं तर तो बोलेल.

ऐरोलीची_आत्या

भावाशी बोलले. "बघ बाई, पण सीईटी..." म्हणाला. म्हणजे नाही म्हणाला नाही.

भाच्याला टाळकरी दादांचा पखवाजवाला अडकतो तो भाग वाचून दाखवला, बाकीचं नाही. "बघू" म्हणून आत गेला. मी कणीक मळत होते तर स्वयंपाकघरात येऊन विचारतो, त्यांच्या पखवाजाला कणीक लावतात का? मला यातलं कळत नाही, तुम्हीच सांगा. आणि या गुरुवारी आठला ऐरोली स्टेशन, तिकीट खिडकीपाशी, चालेल ना? मीही येतेय.

टाळकरी_कोपरखैरणे

चालेल. डाव्या तोंडाला कणीकच लावतो, त्याने आवाज घुमतो. येताना तुमच्याकडचीच मूठभर आणायला सांगा, आमच्याकडे कायम कोणीतरी विसरतं.