शेणकिडा की स्कॅरॅब?

सांजवात: अ‍ॅडलेड ॲल्सॉप रोबिनो (१८६५–१९२९) या अमेरिकन कुंभकार बाईंवरचा लेख मराठीत आणतेय. १९१० ची त्यांची पोर्सेलिनची फुलदाणी, अंगभर शेणकिडे कोरलेले. हजार तास लागले म्हणतात. मी 'शेणकिडा फुलदाणी' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'स्कॅरॅब' केलं. वाचकाला वास येईल म्हणे! बाईंनी तिला दुसरंही नाव दिलंय, राबणाऱ्याला देवपद अशा अर्थाचं. 'श्रमिकाचे दैवतीकरण' हे परिपत्रकातलं वाटतं. सुचवा काहीतरी.

भुईकमळ: शेणकिडाच! शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेतो तोच हा. इजिप्तवाल्यांना त्यात सूर्य ढकलणारा देव दिसला. राबणारा हवा आणि शेण नको, असं कसं?

अवांतर_आप्पा: मग पोर्सेलिन तरी कशाला? चिनी माती म्हणा की.

मातकट: आप्पा, चिनी माती म्हटलं की लोणच्याची बरणी आठवते. पातळ पोर्सेलिन उजेडात धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. बाई आधी दुसऱ्यांनी घडवलेल्या बशा रंगवायच्या. १८९९ मध्ये नवऱ्याबरोबर 'केरॅमिक स्टुडिओ' मासिक काढलं, पुढे माती कालवण्यापासून सगळं स्वतः करू लागल्या. ही फुलदाणी कच्ची, वाळलेली असताना कोरली. आणि भट्टीतून निघाली ती तडे घेऊन! बाईंनी भाजलेल्या पोर्सेलिनची पूड तड्यांत भरली, झिलई दिली, पुन्हा भाजली. तडे गायब.

अवांतर_आप्पा: झिलई लाकडाला नि धातूला. भांड्याला चकाकी.

मातकट: चकाकी दिसते, झिलई देतात. भाजण्याआधी झिलई म्हणजे बादलीत कालवलेलं पांढरं पाणी, त्याला चकाकी म्हणणार?

भुईकमळ: शिवाय झिलई अरबी 'जिला'वरून आलेली. शुद्धिवाल्यांनी आधी तेवढं बघावं.

अवांतर_आप्पा: आणि तड्यांत भरलं ते लुकण!

मातकट: लुकण खिडकीच्या काचांना, आप्पा. भट्टीत घालून बघा एकदा.

अवांतर_आप्पा: आमच्या आजोबांनी बरणीची चीर लुकणानेच बुजवली होती. वीस वर्षं मुरांबा राहिला तिच्यात.

मातकट: मुरांब्याला भट्टीत जावं लागत नाही.

सांजवात: झिलई ठेवतेय. भुईकमळचा सूर्य संपादकांना कळवला. उत्तर आलं, "'भुंगा' चालेल का?"

भुईकमळ: आमचा भुंगा कमळात अडकतो हो, शेण ढकलत नाही.