इंग्रजीच्या तासाला वादविवादाचे खेळ हवेत की नकोत?

इंग्रजीच्या बाई, इंदूर:
मी आठवीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडे वादविवाद म्हणजे घरच्यांनी लिहून दिलेले भाषण पाठ म्हणणे, एवढाच अर्थ उरला होता. आधीचा वक्ता काय बोलला याच्याशी पुढच्याला देणेघेणे नसे. म्हणून यंदा खेळ सुरू केले. वर्गाच्या चार कोपऱ्यांत ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाट्या लावायच्या, ‘गृहपाठ बंद करावा’ असे विधान वाचायचे, मुलांनी आपापला कोपरा गाठून कारण सांगायचे आणि दुसऱ्याचे पटले तर निःसंकोच कोपरा बदलायचा. दुसऱ्या खेळात वजन न पेलल्याने खाली येणाऱ्या गरम हवेच्या फुग्यात अहिल्याबाई होळकर, क्रिकेटपटू सी. के. नायडू आणि लता मंगेशकर आहेत अशी कल्पना करायची; कोणाला उतरवायचे, हे तिघांच्या बाजूने बोलणाऱ्या मुलांचे ऐकून वर्ग ठरवतो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि केवळ शाळेत इंग्रजी, अशी मुलेही बोलू लागली आहेत. काही पालकांना मात्र हा वेळेचा अपव्यय वाटतो.

रामबागेतला पालक:
मलाही तसेच वाटते. माझ्या मुलीच्या वर्गात हाच फुगा उडाला, तेव्हा अहिल्याबाईंनी इंदूरच्या राजवाड्यातून राज्य केले असे एका मुलाने ठासून सांगितले, टाळ्या घेतल्या आणि तो जिंकला. राजधानी महेश्वरला होती, हे कोणालाही सुचले नाही. वाचनाविना असा खेळ झाला की जो आधीपासून फाडफाड इंग्रजी बोलतो, तोच टिकतो. शिवाय सीबीएसईच्या अकरावीत वादविवाद १२० ते १५० शब्दांत लिहायचा असतो. तिथे कोपऱ्याकडे धावून भागत नाही.

निवृत्त मास्तर:
तो मुलगा जिंकला, कारण त्याला अडवण्याचा हक्क कोणाला दिलेलाच नव्हता. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, तत्त्व जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खंडन ती वितंडा, असे भेद आहेत. (दूरचित्रवाणीवरील चर्चा कशात बसतात, ते आपणच ठरवावे.) प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा एका वाक्यात सांगितल्याखेरीज आपले उत्तर मांडायचे नाही, एवढा नियम करा. वादविवाद स्पर्धांच्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत सात मिनिटांच्या भाषणात पहिले आणि शेवटचे मिनिट वगळता प्रतिपक्षाला मध्येच प्रश्न विचारण्यासाठी उभे राहता येते; आठवीला तीच मुभा पंधरा सेकंदांची द्या.

रामबागेतला पालक:
नियम मान्य. तरीही महेश्वर ठाऊक नसेल, तर उभे राहून विचारणार काय? आणि चाळीस मुलांच्या वर्गात एका तासाला किती जण बोलतील?

इंग्रजीच्या बाई, इंदूर:
तिघातिघांचे गट केले की एक मांडतो, दुसरा खोडतो, तिसरा टिपणे घेऊन कारणासह निकाल देतो आणि भूमिका फिरवल्या की सगळेच बोलतात. निकालाचे टिपण हाच लेखनाचा सराव. गोंगाट होतो, तो मी सोसते. फुग्याच्या खेळाआधी वाचनाचे एक पान देईन, हे आपले म्हणणे रास्त आहे. चार कोपऱ्यांसाठी मात्र देणार नाही, कारण गृहपाठाविषयी मुलांना आपणा दोघांपेक्षा अधिक माहिती असते.