मदत हवी आहे: घरमालक ऑक्टोबरअखेर घर खाली करा म्हणतोय, गोव्यात म्हापशाच्या आसपास घर मिळेना

वाळपईकर
नमस्कार. घाईत आहे, थेट लिहितो. चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली आणि घरमालकाने सांगितलं, ऑक्टोबरअखेर घर खाली करा. सीझनमध्ये पर्यटकांना रोजावर देणार. दोन रविवार वणवण फिरलो. म्हापसा, गिरी, करासवाडा, पर्वरी, थिवी. एजंट फोनवर घर आहे म्हणतो, पोचलं की 28 हजार सांगतो, नाहीतर 'मेपर्यंतच मिळेल' म्हणतो. डिपॉझिटही सरळ परत मिळेल असं वाटत नाही. काय करता येईल? कोणाच्या माहितीत घर असेल तर आजच कळवा.

मांडवीकाठ
बजेट किती? माणसं किती? करार कसला आहे? आता राहता कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणारा सांगणार काय?

पिंपळपेड
राग मानू नका, पण हे होणारच होतं. बाहेरून लोक येतात, मागेल ते भाडं देतात आणि गावातल्या माणसाला गावात जागा उरत नाही. आसगावात बघा काय झालंय. तुम्हीही आपल्या गावी परत जायचा विचार करा.

वाळपईकर
पिंपळपेड, मी सत्तरी तालुक्यातला, वाळपईचा आहे. नावातच लिहिलंय की! वाळपईहून रोज पिळर्णच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत यायचं, तेही शिफ्टला. पहिली शिफ्ट सहाची. तेव्हा बस कुठली मिळणार? म्हणून भाड्याने राहतोय. स्वतःच्या राज्यात, चाळीस-पन्नास किलोमीटरवर.

मांडवीकाठ, आम्ही चौघं. मी, बायको, आई, मुलगी तिसरीत. शिवोलीच्या बाजूला राहतो. भाडं 15 हजार, डिपॉझिट 45 हजार. 18 पर्यंत कसंबसं जमेल. करार अकरा महिन्यांचा, सगळ्यांचा असतो तसाच.

गेल्या मंगळवारी मालक एका अनोळखी माणसाला घेऊन आला. मुलगी सोप्यावर बसून पाढे लिहीत होती. त्या माणसाने टेप काढली, तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला लावली आणि मालकाला म्हणाला, डबल बेड बसेल, एसी इथे येईल. मुलीने वही उचलली आणि आत जाऊन बसली. आम्ही अजून त्या घरात राहतोय हो. ऑक्टोबरचं भाडंही माझ्याकडूनच घेणार आहे.

बार्देशचा_वकील
घाईत काही करू नका. आधी हे सांगा. करार कधी संपला? नोटरीकडे केला होता का? भाडं रोख देता की बँकेतून? पोलिसांचा टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरला होता का?

हिशेबनीस
एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) क्लेम करता का? वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो देत नसेल तर त्याच मुद्द्यावर बोलायला बसवता येईल.

वाळपईकर
हिशेबनीस, एचआरएचं नंतर बघू. आता डोक्यावर छप्पर पाहिजे.

वकीलसाहेब, करार जूनमध्ये संपला. नवा केला नाही, मालक म्हणाला पावसानंतर बघू. नोटरीचा होता, मूळ प्रत एजंटकडे आहे, माझ्याकडे मोबाइलवर फोटो. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला गूगल पे. पोलिसांचा फॉर्म भरलेला आहे, शिक्क्याची प्रत आहे.

बार्देशचा_वकील
करार जूनमध्येच संपलाय, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. त्यावर बरंच अवलंबून आहे.

करार संपल्यावरही तुम्ही राहताय आणि मालक दर महिन्याला भाडं घेतोय. तुम्ही भाडेकरू ठरत असाल तर ही महिन्या-महिन्याची भाडेपट्टी होते आणि ती संपवायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. तोंडी सांगून भागत नाही. नोटिशीची मुदत संपली तरी त्याला तुमचं सामान बाहेर काढता येत नाही, त्यासाठी रीतसर आदेश आणावा लागतो. कुलूप बदललंच तर ताबा परत मिळवायला विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम 6 आहे, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावायला हवा.

पण कागदावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलं असेल तर तो म्हणणार, हा भाडेकरू नव्हेच, नुसता परवानाधारक आहे. कोर्ट कागदाच्या मथळ्यावर जात नाही, प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता ते बघतं. तुमच्या घराची चावी मालकाकडे असते का?

वाळपईकर
नाही. चावी फक्त आमच्याकडे.

भाटकाराचो_नातू
मुंडकार कायदा विसरू नका, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा. 1975 चा आहे. मामलेदाराकडे अर्ज टाका, तुम्हाला कोणी हात लावू शकणार नाही. आमच्या वाड्यावर तीन घरं अशीच लोकांच्या नावावर झाली.

बार्देशचा_वकील
कृपा करून चुकीचा सल्ला देऊ नका. भाडं देणारा माणूस मुंडकार होत नाही, कायद्याच्या व्याख्येतूनच तो वगळलेला आहे. वाळपईकरांनी असा अर्ज केला तर तो फेटाळला जाईल आणि मालकाशी बोलणंही कायमचं बंद होईल.

जुनें_घर
मी घरमालक आहे. आमची बाजूही कोणीतरी ऐका. माझ्या वडिलांनी म्हापशात बाजाराजवळ दोन खोल्या दिल्या होत्या, तेव्हा भाडं 60 रुपये. ते कुटुंब आजही तिथेच आहे. 1968 चा भाडे नियंत्रण कायदा दाखवतात. छत गळतं ते मी दुरुस्त करायचं, घरपट्टी मी भरायची. वडील रेंट कंट्रोलरकडे खेपा घालून घालून गेले. त्यानंतर मी ठरवलं, वर्षभरासाठी कोणालाच घर द्यायचं नाही. पर्यटक चार दिवसांनी जातो, हे आम्हाला परवडतं. वर इथे वकील सांगतात, चावी भाडेकरूकडे असेल तर अमुक आणि तमुक. मग कोण देणार घर?

शिवोलीची_सून
जुनें_घर, तुमचं दुःख खरं आहे, पण 60 रुपयांचा भाडेकरू आणि 15 हजार वेळेवर भरणारा हा माणूस एक नव्हे. त्या रागाची शिक्षा ह्याच्या पोरीला का?

आणि शिवोलीत घरं नाहीत असं कोणी म्हणू नका. आमच्या वाड्यात आठ घरं, चार बंद. शेजारचं घर मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंद बघते. दर मे महिन्यात कोणीतरी येतो, दाराच्या कुलपाला तेल घालतो, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधतो, सुतळीने गाठ मारतो आणि जातो. यंदा पिशवी निळी आहे. आत माणूस नाही, पण कुलूप मात्र गंजू देत नाहीत.

मांडवीकाठ
2011 च्या जनगणनेत गोव्यातलं दर पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. तेव्हा मोपाचा विमानतळही नव्हता. तो सुरू झाल्यावर पेडण्यातली भाडी काय झाली ते मी जवळून बघितलंय.

जुनें_घर
रिकामी का आहेत तेही सांगा ना. आमच्याकडे वारसाहक्क पोर्तुगीज काळातल्या पद्धतीने चालतो, सगळ्या मुलांचा वाटा. एक भाऊ लिस्बनला, एक बहीण लंडनला, तिसरा सही करत नाही. वाटणी झाल्याशिवाय भाड्याला कोण देणार आणि करारावर सही कोण करणार? सगळीच घरं लोभापायी बंद नाहीत.

दोडामार्गी
मी दहा वर्षं महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून म्हापशाला येतोय. निम्म्या भाड्यात अंगणासकट घर मिळतं. बार्देश तालुक्याचा हट्ट सोडा. फक्त गाडी एमएच नंबरची असली की पोलीस थांबवतात, त्याची सवय होते.

पिंपळपेड
आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात अडकला की तासभर गेला. आज सकाळी मी साडेआठपासून तिथेच होतो.

दोडामार्गी
त्यांना पर्वरी लागतच नाही. म्हापशाहून पिळर्णला साळगावातून जाता येतं.

मांडवीकाठ
साळगावचा रस्ता सकाळी तुम्ही बघितला नाही वाटतं!

वाळपईकर
रस्त्यांवर नंतर बोला, विनंती आहे. मुलीची शाळा म्हापशात, मराठी माध्यम. वर्षाच्या मध्ये तिला काढायची नाही. बायको म्हापशातल्या दवाखान्यात कामाला. दोडामार्ग जमणार नाही.

मला कोर्टातही जायचं नाही. एप्रिलपर्यंत राहू दे, नाहीतर 45 हजार एकरकमी दे, एवढंच म्हणणं आहे. तो म्हणतो रंगकामाचे 20 हजार कापणार. आम्ही आलो तेव्हाच मागच्या खोलीची भिंत ओलीने फुगलेली होती.

थिवीं_टेसन
थिवीला माझ्या ओळखीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, 16 हजार. विचारू का?

वाळपईकर
आईला जिना चढवत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय.

थिवीं_टेसन
हे आधी सांगायचं ना! मघाशीच दुसरीकडे विचारलं असतं.

ईएमआय_सुरू
भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा कर्ज काढून फ्लॅट घ्या. डिचोली, साखळीला अजून आवाक्यात मिळतात. मी घेतला, सुटलो.

शिवोलीची_सून
त्यांना 45 हजार परत मिळेनात, तुम्ही डाऊन पेमेंटचं सांगताय.

बार्देशचा_वकील
वाळपईकर, डिपॉझिटचं बघू. केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट म्हटलंय, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. तुम्ही एवढं करा.

आजच एजंटकडे जाऊन मूळ करार मागा, देत नसेल तर निदान नीट झेरॉक्स घ्या. डिपॉझिट दिल्याची नोंद बँकेत आहे ना बघा. राहायला आलात तेव्हाचा भिंतीचा एखादा फोटो मोबाइलवर नक्की असेल, वाढदिवस, चवथ, काहीही. तो तारखेसकट जपून ठेवा. मग मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या भाषेत लिहा: तुम्ही तोंडी घर खाली करायला सांगितलंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत द्या, नाहीतर पूर्ण डिपॉझिट चावी देतेवेळी द्या. भांडणाचा सूर नको. आणि ऑक्टोबरचं भाडं थांबवू नका, डिपॉझिटमधून वळतं करा असंही म्हणू नका. थकबाकी हे घर खाली करायला लावण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं, ते त्याच्या हातात देऊ नका.

जुनें_घर
हे बरोबर सांगितलं. मला कोणी असं लिहिलं असतं तर मी निदान विचार केला असता. मालकाला घर परत मिळेल अशी खात्री पाहिजे, म्हणून खाली करायची तारीख तुम्ही स्वतः लिहून द्या. 30 एप्रिल, सहीनिशी.

वाळपईकर
फोटो सापडला. गेल्या वर्षीच्या चवथीचा. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या) मागे भिंतीचा फुगवटा स्पष्ट दिसतोय. व्हॉट्सअ‍ॅप केला, एप्रिलची तारीखही लिहिली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

वाळपईकर
मालकाचा आत्ता फोन आला. एप्रिल नाही म्हणाला, डिसेंबरला बुकिंग घेतलंय. नोव्हेंबरअखेरपर्यंत राहा आणि डिपॉझिटमधून पाच हजारच कापतो. महिना मिळाला, पण घर अजून नाहीच.

बार्देशचा_वकील
ते पाच हजारही का, हे लेखी विचारा. आणि तो जे बोलला ते मेसेजवर लिहून घ्या.

थिवीं_टेसन
हळदोण्याला माझ्या मावशीच्या घराचा खालचा भाग रिकामा आहे. दोन खोल्या, रांधपाची खोली, मागे पडवी. पायऱ्या दोनच. म्हापशाची बस दारावरून जाते. मुलगा दुबईला, ती एकटी असते, त्यामुळे तिला कुटुंबच पाहिजे. पर्यटकांना देणार नाही म्हणते, रात्री दार कोण उघडणार. 14 हजार सांगितले. फक्त नळाला एक दिवसाआड पाणी येतं, बाकी विहीर. मच्छीला हरकत नाही, तिलाच रोज लागते.

वाळपईकर
देव बरें करूं. उद्या दोनला शिफ्ट सुटते, आईला घेऊनच येतो, पायऱ्या तिनेच चढून बघू देत. विहिरीचा पंप कोणाच्या मीटरवर आहे तेवढं मावशींना विचारून ठेवा.