आज्जीचं जन्मसाल कोणतं छापू? आणि बाकीचं काय लिहू?

तेरणाकाठची

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलेय. आमची आज्जी मागच्या वर्षी येळवसेच्या (वेळ अमावस्या, आमच्याकडचा रानातला सण) चार दिवस आधी गेली, तिकडं न्यू जर्सीला, एडिसनमध्ये काकाच्या घरी. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो, पप्पा त्यांच्या आईला बाई म्हणायचे म्हणून आम्ही पण बाई. आता वर्षश्राद्ध गावाकडं आहे (औसा तालुका), काका-काकू आणि त्यांची दोन्ही लेकरं यायलेत, आणि पप्पांच्या डोक्यात आलंय की बाईवर आठ-दहा पानांची पुस्तिका छापून पाहुण्यांना द्यायची. घरात मराठीत एम. ए. केलेली मी एकटी, म्हणून काम माझ्या गळ्यात.

पहिल्या ओळीलाच अडकलेय. जन्म. पासपोर्टवर १ जून १९३६ आहे. पासपोर्ट काढायच्या वेळी जन्माचा एकही कागद नव्हता, मतदार यादीतलं वय धरून कुणीतरी उलटं मोजलं आणि १ जून टाकून दिलं. बाई स्वतः काय सांगायची तर रझाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या) टायमाला, म्हणजे १९४८ ला, गाव सोडून बैलगाडीत बार्शीकडं पळालो तेव्हा माझे दुधाचे दात पडायलते, एक दात गाडीतच पडला, माय म्हणली फेकू नको, घरी गेल्यावर शेणात घालून माळवदावर टाकू, म्हणून तो दात पदराच्या गाठीला बांधून बार्शीला नेला आणि दोन-तीन महिन्यांनी परत आणला. १९३६ धरलं तर बारा वर्षांच्या पोरीचे कुठले दुधाचे दात हो?

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती लिहायला जरा लाज वाटायलीय. बाई १९९३ च्या भूकंपापर्यंत पूर्ण आमची होती. आजोबा त्याच रात्री गेले, माळवदाखाली. बाई वाचली कारण ती अंगणात शेळीपाशी झोपली होती. मग दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. १९९९ ला काकूच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांसाठी गेली, परत आली, २००३ ला दुसऱ्या बाळंतपणाला गेली, २००६ ला ग्रीन कार्ड झालं आणि मग ती इकडं पाहुणी झाली. मी तेव्हा बारा वर्षांची. तिनं त्या दोघांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं-आणलं, आणि आम्हाला रविवारी सकाळी फोन. मग आता मी "नातवंडांवर जीव ओवाळून टाकणारी" असं कुठल्या तोंडानं लिहू? कोणत्या नातवंडांवर? ते दोघं तिकडची बाई सांगणार, मी इकडची सांगणार, आणि मधली वीस-बावीस वर्षं मला काहीच माहीत नाही. कुणी असं लिहिलंय का? कसं करू?

निवृत्त_गुर्जी

ताई, पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसऱ्यात माझी गती नाही.

१ जून बघून हसू आलं, कारण या हातानंच शेकडो लेकरांना १ जून लावलाय. जून महिन्यात शाळा उघडायची, बाप लेकराला घेऊन यायचा, जन्म कधीचा विचारलं की म्हणायचा, पेरणी व्हायलती गुर्जी. मग आम्ही लेकराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागतो का बघायचो आणि १ जून टाकायचो. मराठवाड्यात निम्म्या जुन्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो तो असा.

आता दाताचं. हे फार चांगलं साधन आहे. समोरचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. रझाकारांचा जोर १९४८ च्या उन्हाळा-पावसाळ्यात होता, आपल्या भागातली खूप माणसं तेव्हा निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली, कारण तिकडं निजामाचा अंमल नव्हता. भारत सरकारची पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला, मग लोक परतले. दोन-तीन महिने जुळतात. म्हणजे जन्म १९४१-४२ च्या आसपास.

खात्री करायची असेल तर आज्जीच्या भावाचं बघा. पोरीला शाळेत कोण घालायचं तेव्हा, पण पोराला घातलेलं असतं. त्यांच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागा. एक लक्षात ठेवा, निजाम राजवटीतली जुनी नोंद फसली सनात (निजामाच्या सरकारी कालगणनेत) असू शकते. १३५४ वगैरे आकडा दिसला तर घाबरू नका, त्यात ५९० मिळवा. फसली वर्ष ऑक्टोबरला सुरू व्हायचं म्हणून जानेवारी किंवा त्यानंतरचा महिना असेल तर ५९१. अक्षर उर्दू असेल तर तहसीलजवळ वाचून देणारे एखाद-दुसरे म्हातारे अजून सापडतात, लवकर गाठा.

परभणीची_जर्सीत

तेरणाकाठची, मी मूळ परभणीची, सतरा वर्षं झाली इकडं आहे. तुझा दुसरा प्रश्न वाचून थोडं लागलं म्हणून लिहितेय, रागावू नको.

तुम्हाला तिकडून वाटतं आज्जी अमेरिकेत मजेत होती, नातवंडं, हीटर, मोठं घर. अगं माझी सासू माझ्याकडं राहायची, मला माहितेय. सकाळी आठला आम्ही दोघं बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. गाडी चालवता येत नाही, पायी जायला दुकान नाही, थंडीत चार महिने बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे तो जाडजूड कोट आणि बूट, आणि बूट घालायला वाकता येत नाही. शेजारीण बोलेल तर भाषा नाही. लेकरं लहान असतात तोवर हाताला काम असतं, लेकरं मोठी झाली की ती पण आपल्या खोलीत दार लावून. माझी सासू दुपारी खिडकीत बसून पोस्टाच्या गाडीची वाट बघायची, पत्र येणार नसायचं, पण तेवढं एक माणूस रोज दिसायचं. त्या बाया इकडं एकट्याच असतात गं. तू म्हणतेस ती त्यांच्या वाट्याला आली, मला विचारशील तर ती धड कुणाच्याच वाट्याला नव्हती.

ग्रीन कार्डाचं पण लक्षात घे. सलग फार महिने भारतात राहिलं तर परत येताना एअरपोर्टवर विचारतात, तुम्ही नक्की इथंच राहता ना म्हणून. वर्षाच्या वर राहायचं तर आधी वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणून लोक आई-बापाला पाच-साडेपाच महिन्यांत परत बोलावतात. मनात आलं म्हणून गावात राहिली असं नसतं.

तू सरळ त्या दोघांना फोन कर आणि बाई कशी होती असं विचारू नको, प्रेमळ होती एवढंच उत्तर येईल. विचार, बाई सकाळी उठून पहिलं काय करायची? कशावर चिडायची? घरात कुठं बसायची?

बालाघाटी

पुस्तिका छापू नका हा माझा स्पष्ट सल्ला. आम्ही आमच्या वडिलांची छापली, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पाचशे प्रती. तिसऱ्या दिवशी गावातल्या भेळवाल्याकडं वडिलांच्या फोटोत भेळ बांधून मिळाली. खोटं वाटत असेल तर नका मानू.

निवृत्त_गुर्जी

बालाघाटी, भेळेच्या निमित्तानं का होईना कुणीतरी वाचलं असेल :)

तेरणाकाठची

सगळ्यांचे आभार, बालाघाटींचे पण. पंधरा दिवसांनी येतेय कारण बरंच झालं मधे.

गुर्जी, तुमचं ऐकून पप्पांना घेऊन बाईच्या माहेरी गेले. मामाआजोबांची (बाईच्या धाकट्या भावाची) नोंद मिळाली!! जन्म १३५४ फसली. म्हणजे १९४४-४५. आणि बाई कायम सांगायची की पळताना मी तीन वर्षांनी मोठी म्हणून धाकटा भाऊ माझ्याच कडेवर दिलता. तीन वजा केले की तुमचं ते दाताचं साल बरोबर येतं. काका मात्र फोनवर म्हणतो की तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर १९३६ आहे, उगं घोळ नको. पप्पा आणि त्याचं त्यावर वाजलं थोडं. मी दोन्ही छापणारेय, कागदावरचं आणि दातावरचं.

परभणीची ताई, तुझी पोस्ट वाचून त्या रात्री झोप नाही आली. मला माहीतच नव्हतं की पाच महिन्यांत परत जाणं ही सक्ती होती. बाईची सख्खी बहीण वारली तेव्हा बाईला तिकडं परत जाऊन नऊ दिवस झालते, आम्ही म्हणलो होतो, एवढी काय घाई होती हिला. फोनवर बाई एवढंच म्हणली, "ते कार्ड म्हंजे दावं हाय बघ, लांब सोडतेत पण खुंट्याचंच." मला तेव्हा वाटलं मस्करी करायली.

चुलत बहिणीला फोन लावला, तू सांगितलेले प्रश्न विचारले. दीड तास बोललो, आयुष्यात पहिल्यांदा. ती मराठी बोलते, आणि कसली मराठी तर औशाची! "काय करायलीस" म्हणली मला, अंगावर काटा आला. तिनं सांगितलेलं जसं आठवतं तसं टाकते.

शाळा सुटली की बाई गेटवर उभी असायची, आणि ही दोघं "बाई! बाई!" ओरडत पळत यायची, तर टीचरला वाटायचं ही लेकरं भेटल्यावर बाय का म्हणायलेत. घरच्यांना बोलावून विचारलं म्हणे.

बाई शेवटपर्यंत उशाला टॉर्च आणि चप्पल ठेवून झोपायची. लेकरांना वाटायचं सगळ्याच आज्ज्या तसं करतात. भूकंपाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मी सांगितलं परवा, ती बराच वेळ गप्प झाली. आणि मला इकडं वाटायचं तिकडं जाऊन बाई ते सगळं विसरली.

ओक ट्री रोडवरच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणायचं आणि रोज भाकरी. भाकरी थापताना म्हणायची, बहात्तरला ह्यांची लाल मिलो खाल्ली रेशनची, खडी फोडून हाताला फोड आलते, आता ह्यांच्याच गॅसवर भाकरी करायलेय, फिट्टंफाट. (मिलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल ज्वारी. बहिणीला ते कुठल्यातरी माणसाचं नाव वाटायचं.)

काकानं नागरिकत्व घे म्हणून खूप मागं लागून बघितलं. पंधरा वर्षं झाल्यावर तिच्या वयाच्या माणसाला मराठीत, दुभाष्या घेऊन परीक्षा देता येते म्हणून समजावलं. बाई म्हणली, माझं मतदान औशाला हाय. विषय संपला.

आणि एक. येळवसेला ती मागच्या अंगणात, बर्फ असला तरी, पाच दगड मांडून चुना लावायची, तेच पाच पांडव, वर कडबा नाही म्हणून मक्याची वाळलेली ताटं उभी करायची, तिकडं सणाला दाराशी लावायला विकत मिळतात म्हणे. आत पांडवांपुढं भज्जी (भाज्या-शेंगांची), आंबिल, उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) मांडायचे, आणि मग ही दोघं कोटाची टोपी घालून बर्फावर आंबिल शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत फिरायची. बहिणीला वीस वर्षं वाटत होतं हे बाईनं स्वतः बनवलेलं गाणं आहे. मी म्हणलं अगं त्या दिवशी अख्खं लातूर रिकामं असतं, सगळी रानात असतात.

मी इकडं त्याच दिवशी, दरवर्षी, तेच म्हणत रानात फिरायची की.

तर वर्षश्राद्ध झाल्यावर चार दिवसांनी येळवस आहे, ती दोघं थांबायलेत. पुस्तिका पन्नासच काढणार, भेळवाल्यापर्यंत पोचू नये म्हणून. आता शेवटचा प्रश्न. बहीण म्हणते बाईचे उंडे बाजरीचे असायचे, मम्मी म्हणते ज्वारीचे. लातूरकरांनो, खरं काय?

बालाघाटी

बाजरीचेच. ज्वारीचे म्हणणारे निलंग्याकडचे असतील.

निवृत्त_गुर्जी

मी निलंग्याचा. आमच्याकडं पण बाजरीचेच. मम्मींचं माहेर कुठलं ते विचारा आधी.