सी शार्प: स्ट्रिंग न लिहिता प्रॉपर्टीचं नाव कसं काढायचं?

सातपूरचा_डेव्ह:
मंडळी, लासलगावच्या एका कांदा आडत्याचं हिशोबपट्टीचं जुनं डब्ल्यूपीएफ (विंडोजच्या स्क्रीन बनवायचं फ्रेमवर्क) ॲप सांभाळतोय, डॉटनेट ४.० वर, कारण गाळ्यावरचा एक पीसी अजून विंडोज एक्सपीवर आहे, त्यावर पुढचं डॉटनेट चालत नाही (हसू नका). परवा 'एकूण' प्रॉपर्टी रिनेम करून 'निव्वळ' केली, एक्सएएमएलमध्येपण (स्क्रीनची मांडणी लिहायची फाइल) बदललं, पण दराच्या सेटरमधून (दर भरला की चालणारा कोड) प्रॉपर्टी-चेंज्डला (ही प्रॉपर्टी बदलली असं स्क्रीनला कळवणारा इव्हेंट) दिलेली "एकूण" ही स्ट्रिंग तशीच राहिली आणि कंपायलर गप्प. दर १४०० चा १४५० केला तरी खालची रक्कम हलेना, शेतकरी समोर मोबाइलवर गुणाकार करून उभा!
म्हणून आता लॅम्ब्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) देऊन एक्स्प्रेशन ट्रीतून (कोडचीच डेटा म्हणून वाचता येणारी रचना) नाव काढतोय. मेथड 'फंक ऑफ ऑब्जेक्ट'चं एक्स्प्रेशन घेते आणि बॉडी मेंबर-एक्स्प्रेशनला कास्ट करते. नाव, गाव चालतं, वजन आणि निव्वळला मात्र इनव्हॅलिड कास्टची (टाइप जुळत नाही) एरर. का?

गोदाकाठ:
वजन, निव्वळ डेसिमल असणार. ऑब्जेक्ट मागितलास म्हणून बॉक्सिंगसाठी (साधी व्हॅल्यू ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायला) कंपायलर वरून कन्व्हर्ट चढवतो, बॉडी युनरी-एक्स्प्रेशन होते आणि तुझा मेंबर तिच्या ऑपरँडमध्ये जाऊन बसतो. स्ट्रिंगला ते लागत नाही. मेथड जेनेरिक (कुठलाही टाइप जसाच्या तसा घेणारी) कर, 'फंक ऑफ टी', मग कन्व्हर्टच येणार नाही.

मिसळ_विथ_पापड:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला राव, नेमऑफ वापर की, प्रॉपर्टी दिली की तिचं नाव देतं. २०१५ ला सी शार्प ६ सोबत आलंय. तुझी ट्री प्रत्येक कॉलला नव्याने बनते, नेमऑफ कंपाइल होतानाच साधी स्ट्रिंग होऊन जातं.

सातपूरचा_डेव्ह:
४.० वर चालेल?

मिसळ_विथ_पापड:
चालेल, ते कंपायलरचं काम आहे, फ्रेमवर्कचं नाही. व्हिज्युअल स्टुडिओ तेवढा २०१५ किंवा पुढचा पाहिजे.

गोदाकाठ:
हे बरोबर, माझ्या उत्तरापेक्षा हेच कर. आणि कोणी कॉलर-मेंबर-नेम (कॉल जिथून झाला त्या मेंबरचं नाव आपोआप देणारं ॲट्रिब्यूट) सुचवेल तर थांब, दराच्या सेटरमध्ये ते 'दर'च देणार, तुला तिथून निव्वळ बदलल्याचं सांगायचंय. एक्सएएमएलमधलं बाइंडिंग मात्र स्ट्रिंगच राहतं हां, रिनेम केलं की तिथे हातानेच शोध.

सातपूरचा_डेव्ह:
मी अजून २०१० वरच होतो 🙈 २०१९ टाकला, नेमऑफ लावलं, एक्सपीवर पण रक्कम हलली. ट्रीवाली फाइल डिलीट. शोधताना हमालीच्या सेटरमध्येपण जुनं "एकूण" सापडलं, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.