आफ्रिकन संगीताची "वाट लॅपटॉपने लावली" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

ठेकेदार

परवा एका सद्गृहस्थांनी लिहिलं की आफ्रिकेतलं हजारो वर्षांचं शुद्ध संगीत या लॅपटॉपवाल्या पोरांनी मारून टाकलं, आता नुसतं ढिंगच्याक उरलंय. खाली "अगदी मनातलं बोललात" ची रांग लागलेली. दोन दिवस गप्प बसलो, बायको पण म्हणाली नको नादी लागू, पण तो "शुद्ध" शब्द काही केल्या पचेना.

मी युगांडात साडेचार वर्षं काढलीत, जिंजाजवळ साखर कारखान्यात. (हो, कोल्हापूर-सांगलीची साखरवाली मंडळी तिकडेही भेटतात.) माझ्या हाताखालचा एक पॅनमन (साखरेचा पाक शिजवणारा) अचोली जमातीचा, उत्तरेतल्या गुलूकडचा. २०१४ ला त्याच्या भावाच्या लग्नाला गेलो, बसमध्ये अख्खा दिवस गेला आणि पाठीचा पार भुगा झाला. तिथे लाराकाराका नावाचा नाच असतो, नाचणारे हातात अर्धा कापलेला वाळका भोपळा धरतात आणि सायकलच्या स्पोकच्या जुडीने तो वाजवतात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. पंचवीस-तीस जण एकदम मारायला लागले की पोटात कालवतं. आणि त्यांच्या बाजूला प्लास्टिकच्या टेबलावर एक लॅपटॉप, दोन कर्णे, जनरेटर, माइक घेतलेला एक गायक. गाणी तीच, लग्नातली जुनीच, फक्त खालचा ताल आणि वाद्यांचे सूर लॅपटॉपमधून.

मी विचारलं, वाजवणारे कुठायत रे? तो हसला. म्हणाला, सर, पूर्ण ताफा आणायचा तर बिदागी, जेवण, गाडी, हे सगळं कोण देणार? तिकडे १९८६-८७ पासून २००६ पर्यंत बंडखोर आणि सरकारचं युद्ध चाललं होतं, दहा लाखांहून जास्त माणसं छावण्यांत राहिली, गुरं गेली, पैसा गेला. पण लग्नं थांबतात का? मग लिओ पालायेंगसारख्या पोरांनी कॉम्प्युटरवर तेच ताल बसवले आणि ओटिम अल्फासारखे गायक त्यावर गायला लागले. २०१७ मध्ये कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या रेकॉर्ड कंपनीने ओटिम अल्फाचा अल्बम काढला तेव्हा कुठे युरोपाला "अचोलीट्रॉनिक्स", म्हणजे हे लॅपटॉपवरचं अचोली संगीत, कळलं. त्याच्या किती आधीपासून ते गुलूच्या मांडवात वाजत होतं!

आणि काँगोतल्या किन्शासाचा कोनोनो नंबर वन हा बँड? त्यातला म्हातारा मिंगिएडी १९६० च्या दशकापासून लिकेंबे वाजवायचा, बोटांनी छेडायच्या पट्ट्यांचं वाद्य. शहराच्या गोंगाटात ऐकू जाईना म्हणून भंगारातल्या गाड्यांमधली लोहचुंबकं काढून त्याचे माइक बनवले आणि भोंग्यातून आवाज सोडला. आवाज फाटला. त्यांना तो फाटकाच आवडला. २००४ ला त्यांचा 'काँगोट्रॉनिक्स' अल्बम आला आणि युरोपातले टेक्नोवाले म्हणाले अरे हे तर आमचंच! म्हणजे कुणी कुणाला बिघडवलं, सांगा.

बेसवाडा

काका एक नंबर 🔥 मी स्वतः डीजे आहे, शनिवारी अमापियानो (दक्षिण आफ्रिकेतलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवतो. लोक येऊन विचारतात "ते लाकडी ढोलाचं वाजव ना". अहो तो लॉग ड्रम लाकडाचा नाहीच्चे, सॉफ्टवेअरमधला आवाज आहे तो. डर्बनच्या पोरांनी ग्कोम हा तसलाच दुसरा प्रकार बनवला तो स्वतःच्या बेडरूममध्ये बसून. बर्लिनच्या पोराला कुणी विचारतं का तुझं लोकसंगीत कुठंय म्हणून? आफ्रिकन पोराने मात्र कायम गळ्यात ढोल अडकवून फिरायचं.

गंधार_कोमल

छान लिहिलंय, पण फार सोयीस्कर. गरिबीमुळे झालं म्हणजे चांगलं झालं असं कसं? गरिबीमुळे लोक शाळाही सोडतात.

तुम्ही युगांडात होतात तर अमाडिंडा ऐकलं असेलच. बारा लाकडी पट्ट्या केळीच्या खुंटांवर मांडतात आणि तिघं वाजवतात. दोघं समोरासमोर बसून. एकाचा टोला दुसऱ्याच्या फटीत पडतो, दोघेही सरळ एका चालीत वाजवत असतात आणि मधूनच एक तिसरी धून ऐकू यायला लागते जी दोघांपैकी कुणीच वाजवत नसतो. ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, माउसने चौकोनात ठिपके भरले की तेच स्वर येतील, पण समोरचा माणूस गेला ना! बुगांडा या युगांडातल्या राज्याच्या राजवाड्यावर १९६६ मध्ये देशाचा सत्ताधारी ओबोटे याचं सैन्य घुसलं आणि दरबारचे वादक देशोधडीला लागले. त्यातून एव्हारिस्टो मुयिंडांसारख्यांनी शिकवून शिकवून जे वाचवलं ते आता एका बटणात?

आणि दुसरं, सुरांचं. अमाडिंडात सप्तकाचे साधारण पाच सारखे भाग असतात. तुमच्या कीबोर्डवर बारा. ते स्वर त्यात बसतच नाहीत, मग जवळच्या पट्टीवर ढकलून मोकळे. आपल्याकडे पेटीने नेमकं हेच केलं आणि आज कुणाला खरा गंधार ऐकूही येत नाही.

पेटी_मास्तर

आलात मूळ पदावर! आफ्रिका असो, अंटार्क्टिका असो, शेवटी शिव्या पेटीलाच. नाट्यसंगीत काय तंबोऱ्यावर उभं राहिलं का हो? ऑर्गन आणि पेटी काढून दाखवा, काय उरतं ते बघू. १९४० ला रेडिओवर पेटीला बंदी घातली, १९७१ पर्यंत चालली. एकतीस वर्षं! त्या एकतीस वर्षांत सगळ्यांचे गंधार जागेवर आले का?

कावळा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा युगांडातून निघाला आणि ग्रँट रोडवर पोचला.

गंधार_कोमल

मास्तर, मी पेटीला शिव्या दिलेल्या नाहीत, वाचा परत. माझी पुतणी सहा वर्षं कीबोर्डवर शिकली. आता तानपुऱ्यावर बसवली की तिला तानपुराच बेसूर वाटतो! ही तक्रार आहे माझी, खोटी आहे का?

पेटी_मास्तर

तुमच्या पुतणीला शिकवणारा माठ असेल त्याला माझी पेटी काय करणार. माझे वडील चाळीस वर्षं साथ करत होते. एका मैफलीत भर लोकांत गवईबुवांनी त्यांना पेटी बाजूला सारायला लावली. "आज शुद्ध गाणार आहे" म्हणे. वडिलांनी पेटी मिटली, मांडीवर हात ठेवून दोन तास तिथेच बसून राहिले, उठले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हापासून हा "शुद्ध" शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते, त्यामुळे ठेकेदारांशी मी शंभर टक्के सहमत. मला ते ढिंगच्याक दोन मिनिटंही ऐकवत नाही, तरीही सहमत.

बेसवाडा

मास्तर 😂🙏

ताई, सुरांचं बोलायचं तर सॉफ्टवेअरमध्ये पाच काय, सत्तावीस भाग पण करता येतात. ट्यूनिंगची फाइल टाकायची, दहा मिनिटांचं काम. पेटीत आतल्या पितळी पट्ट्या घासत बसावं लागतं, इथे आकडा बदलायचा. म्हणजे तुमच्या हिशोबाने लॅपटॉप पेटीपेक्षा शुद्ध.

गंधार_कोमल

करता येतं आणि करतात यात फरक आहे, बाळा. तू स्वतः किती वेळा केलंयस?

बेसवाडा

...एकदाही नाही. ओके. पॉइंट तुमचा. पण पब्लिकला कळत पण नाही ना.

गंधार_कोमल

तेच तर म्हणतेय मी मघापासून!!

लंडनची_आत्या

तुम्ही सगळे सुरांवर भांडताय, इथे चेक कुणाच्या नावाने फाटतो ते कुणी बोलेचना. सॉलोमन लिंडाने १९३९ ला जोहान्सबर्गला 'एम्बुबे' गायलं, हातात दहा शिलिंग पडले. पुढे त्याच्यावरून 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, जगभर वाजलं, सिनेमात गेलं, आणि हा १९६२ मध्ये गरिबीत गेला. मुलींच्या हातात तडजोडीचे पैसे यायला २००६ उजाडलं. इलेक्ट्रॉनिकवाल्यांचं हवंय? १९९२ चा डीप फॉरेस्ट हा अल्बम. आफ्रिकेच्या जंगलातले आवाज म्हणून जग डोलत होतं आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं अंगाईगीत निघालं सॉलोमन बेटांवरचं, म्हणजे पॅसिफिकमधलं! गाणाऱ्या बाईचं नाव अफुनाक्वा, किती जणांना माहितीये? म्हणजे चोरायचं तर धड पत्ता तरी वाचून चोरा.

आमच्या इथल्या भजनी मंडळाचं एक रेकॉर्डिंग कुणीतरी उचललं, खाली धडधड टाकली आणि लग्नाच्या व्हिडिओत लावलं. मी हातातला लाडू खाली ठेवला, म्हटलं हा तर आमच्या कुलकर्णी मावशींचा आवाज! मावशींना सांगितलं तर त्या उलट खूष. म्हणाल्या, अगं, नाचले ना लोक? आता काय बोलणार. पण मावशींना पेन्शन आहे, लिंडाला नव्हती.

ठेकेदार

आत्या, मान्य. पण हे म्हणजे बाहेरच्यांनी येऊन उचलण्याबद्दल झालं. गुलूच्या पोराने स्वतःच्या आजीचं गाणं स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं त्याला चोर म्हणायचं का? दोन्ही एका मापात मोजू नका.

लंडनची_आत्या

त्याला नाही म्हणत. त्याची फाइल लंडनला आली की मग मी कागद बघायला मागणार. एवढंच.

मोका_रस्ता

मी मॉरिशसमध्ये मराठी शिकवतो. इथल्या सेगा या लोकसंगीताचा राव्हान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, नाहीतर आवाज ढिला पडतो. हॉटेलांत आता प्लास्टिकच्या कातड्याचे दिसतात, शेकायला नकोत, दमट हवेत उतरत नाहीत. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा सगळे मिरवले, आणि संध्याकाळी हॉटेलात प्लास्टिक. त्यापेक्षा शेजारच्या रीयुनियनचा जाको मारोन मला प्रामाणिक वाटतो. मालोया या तिथल्या लोकसंगीताचा सहाच्या चालीतला झोल त्याने सरळ मशीनवर घेतला. निदान मशीनला मशीन तरी म्हणतो.

कावळा

प्लास्टिकच्या कातड्यावरून आठवलं, आमच्या सोसायटीतल्या गणपतीत...

पेटी_मास्तर

नको. कृपा करून नको. तो विषय निघाला की तीनशे प्रतिसाद होतात.

बेसवाडा

मास्तर, तुमच्यासाठी एक. दार-ए-सलामला म्चिरिकू म्हणून प्रकार होता, ढोल आणि छोटासा खेळण्यातला वाटावा असा कॅसिओ, गल्लीत लग्नाला वाजायचा. त्यातूनच पुढे सिंगेली आली, २०० च्या वर बीपीएम (मिनिटाला ठोके), ऐकताना दात वाजतात. तो कॅसिओ म्हणजे त्यांची पेटी समजा. स्वस्त, उचलायला हलकी, आणि नावं ठेवणारे भरपूर.

पेटी_मास्तर

कॅसिओला पेटी म्हणू नकोस रे. भात्याला हवा लागते, हाताला कळतं किती द्यायची ते. बाकी मुद्दा कळला.

गंधार_कोमल

बघा, पेटीत हाताला कळतं म्हणे, आणि अमाडिंडात समोरच्याचा टोला कळणं म्हणजे माझे लाड! मास्तर, तुमची तक्रार आणि माझी तक्रार एकच आहे. फक्त तुमच्या वडिलांचं वाद्य रेषेच्या अलीकडे म्हणून तुम्ही रेषा तिथे ओढलीत.

पेटी_मास्तर

...वडिलांना मध्ये आणू नका. (बरोबर आहे तुमचं. पण वडिलांना मध्ये आणू नका.)

ठेकेदार

ताई, मघाशी मी लग्नाचं अर्धंच सांगितलं, कारण पुढचं सांगितलं तर तुमच्या बाजूला जातं. आता एवढं भांडण झालंच आहे तर सांगतो.

त्या मांडवात नवऱ्याचा एक चुलता होता, सत्तरीचा. मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दिवसभर बसलेला. मला वाटलं भेटवस्तू असेल. रात्री साडेअकराच्या सुमाराला जनरेटरचं पेट्रोल संपलं. सगळं एकदम गप्प. अंधार. कुणीतरी मोटरसायकलवरून पेट्रोल आणायला गेला. तेवढ्यात म्हाताऱ्याने कापड सोडलं, आत लुकेमे. लाकडी खोक्यावर लोखंडी पट्ट्या, अंगठ्याने वाजवायच्या. चुलीपाशी बसून वाजवायला लागला. इतका बारीक आवाज की बायकांनी भांडी घासायची थांबवली. आणि लॅपटॉपवालं पोरगं काय करत होतं माहितीये? कुणाचा तरी भोपळा उचलला आणि स्पोकने हळूहळू साथ धरली. एकही टोला चुकला नाही. वीसेक मिनिटं चाललं असेल. मग पेट्रोल आलं आणि म्हाताऱ्याने परत गुंडाळून ठेवलं. कुणी त्याला थांब म्हटलं नाही, मी पण नाही.

त्याला दिवसभर कुणी वाजवायला सांगितलं नव्हतं हे खरंय. ते मला तेव्हाही खटकलं होतं. पण पोराला ताल माहीत होता हेही खरंय, आणि तो ताल त्याच्या लॅपटॉपमध्येही होता.

गंधार_कोमल

हे आधी सांगितलं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. रेकॉर्डिंग आहे?

ठेकेदार

जुन्या फोनवर आहे. सहा मिनिटंच. शेवटी जनरेटर सुरू होतो त्यात सगळं बुडतं.

गंधार_कोमल

पाठवा. जनरेटरच्या आधीचं.

बेसवाडा

मला जनरेटरसकट 😈

पेटी_मास्तर

मलाही पाठवा. काळी चारात बसतं का बघतो.

गंधार_कोमल

मास्तर, हात तर लावून बघा.